पुलावरचा पहारेकरी आणि शोकेसमधले कप

जपूनरावांवर पहिला वार कोण करेल, असा प्रश्न त्यांच्या कार्यालयात विचारला असता तर निम्म्या खात्याने हात वर केले असते. पण तो मान शेवटी खात्याबाहेर गेला. तो मिळाला लोखंडी टोप घातलेल्या, दीड पुरुष उंचीच्या एका पहारेकऱ्याला. हा इसम जपूनरावांच्या टीव्हीत राहत असे, एका दगडी पुलाच्या तोंडाशी उभा असे आणि जपूनराव पुलावर पाऊल ठेवायला गेले की कसलीही चौकशी न करता त्यांचे दोन तुकडे करत असे.

जपूनराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते एका मोठ्या कार्यालयात भांडारपाल होते. कागद, टाचण्या, शिक्क्याची शाई, खुर्च्या, बल्ब, झालंच तर फिनेल, हे सगळं त्यांच्या कुलपात. कुणी रिफिल मागायला आलं की ते म्हणत, "जुनी दाखवा." जुनी दाखवली की ती उजेडात धरून म्हणत, "अजून बोटभर आहे की! जपून वापरा." भांडार हे साठवण्यासाठी असतं, वाटण्यासाठी नव्हे, यावर त्यांची अढळ श्रद्धा होती. त्यांच्या कारकिर्दीत भांडार कधी रिकामं झालं नाही. कार्यालयातली माणसं घरून पेन आणत, ही गोष्ट वेगळी.

घरीही तोच कारभार. सोफ्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर चादर आणि चादर मळू नये म्हणून घरची माणसं सतरंजीवर. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, पिशवीला रबरबँड. आणि शोकेसमध्ये, काचेआड, कुलपात, निळ्या काठाचे पातळ पांढरे कप. बायकोच्या मावशीने लग्नात दिलेले. "तसे पाहुणे आले की काढू," असं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ठरलं होतं. त्यानंतर पाहुणे बरेच आले. 'तसं' कुणी आलं नाही.

बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. तिचा सगळा जन्म तारीख उलटण्याच्या आत माल संपवण्यात गेलेला. अशा दोन माणसांना एका छताखाली ठेवण्याच्या प्रयोगाला शास्त्रात काय म्हणतात ते ठाऊक नाही. समाजात त्याला संसार म्हणतात.

तर हा पहारेकरी घरात आणला तो मेहुण्याने. मेहुणा पाणी शुद्ध करण्याची यंत्रं विकायचा, त्यामुळे समोरच्याला 'तुमचं काही खरं नाही' हे हसत हसत पटवून देण्याची त्याला व्यावसायिक सवय होती. त्याने स्वतःसाठी व्हिडिओ गेमचं नवं यंत्र घेतलं आणि जुनं ताईच्या घरी आणून टाकलं. सोबत सासरेही होते. सासरे म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. ते दुनियेकडे उत्तरपत्रिका म्हणून बघत आणि शेरे देत. जावयाला इतक्या वर्षांत मिळालेला सर्वांत वरचा शेरा होता 'बरे'. तोही एकदा गाडी वेळेवर आली तेव्हा, म्हणजे त्यात रेल्वेचाही वाटा होता.

"भाऊजी, राहू दे तुमच्याकडे," मेहुणा म्हणाला. "ह्यात एक खेळ आहे. राक्षस, जादू, किल्ले. पण तुम्ही नका हं लावू. फार अवघड आहे. तुम्हाला तर पहिला पूलसुद्धा ओलांडता यायचा नाही."

"पोरखेळ तो," जपूनराव म्हणाले. "त्यात अवघड काय असणार?"

"मग लावा पैज. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी आणि बाबा येतो. तोवर पूल ओलांडून दाखवा."

"आणि नाही ओलांडला तर?"

मेहुण्याने खोलीभर नजर फिरवली. ती शोकेसवर थांबली. "तर त्या कपांतून चहा."

सासऱ्यांनी चष्मा वर केला. जपूनराव काही बोलणार इतक्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "चालेल!"

तो इतक्या तत्परतेने आला की जपूनरावांना तो आधीच तयार ठेवलेला वाटला. पण सासऱ्यांच्या देखत माघार घेणं म्हणजे 'बरे'वरून थेट 'प्रयत्न कमी' वर येणं. ते म्हणाले, "ठरलं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर त्यांनी प्रथम हातात धरायच्या बटणांच्या कंट्रोलरला प्लास्टिकची पिशवी घातली, रबरबँड लावला आणि खेळ सुरू केला. खेळाने विचारलं, आपण कोण? योद्धा, जादूगार, चोर की साधू? जपूनरावांनी प्रत्येकाची माहिती अथपासून इतिपर्यंत वाचली. चोर बाद, चाळीस माणसांच्या देखत ऑफिसात तोंड दाखवायचं असतं. जादूगाराला मंत्र खर्च करावे लागतात हे वाचून तोही बाद. योद्धा ठरला. मग खेळाने नाक कसं हवं ते विचारलं. त्यात दोन संध्याकाळी गेल्या.

"अहो, पूल कुठाय?" बायकोने जाता जाता विचारलं.

"आधी कागदपत्रं पूर्ण होऊ देत."

खेळ सुरू झाला एका खेड्यात. सभोवती शेतं, झुडपं, विहीर. झुडपाशी वाकून बटण दाबलं की औषधी पाला मिळे. पाला गावातल्या एका म्हातारीला दिला की ती हिरवी बाटली देई. हिरव्या बाटलीने जखम भरते. लाल बाटलीने अंगात बळ येतं. पिवळ्या बाटलीने काय होतं हे जपूनरावांनी कधी पाहिलं नाही, कारण ती पिऊन पाहिली असती तर ती संपली असती.

इथे मात्र त्यांचा जीव रमला. रोज संध्याकाळी ते पाला तोडत. एक झुडूप सोडलं नाही. झोळी फुगत गेली. एका पडक्या देवडीत त्यांना एक सुंदर तलवार सापडली, निळी, लखलखीत. ती त्यांनी पुसून झोळीत ठेवली आणि मूळची गंजकी सुरी हातात कायम केली. चांगली वस्तू रोजच्या वापरातली नसते, हे कुणालाही कळेल. मग एके दिवशी, झोळीत पाऊल ठेवायला जागा उरली नाही तेव्हा, ते पुलाकडे निघाले.

पहारेकऱ्याने भाला उचलला. खाली आणला. पडदा काळा झाला आणि लाल अक्षरं उमटली: 'तुम्ही मेलात.'

जपूनरावांना मरणाचं एवढं वाईट वाटलं नाही, भाषेचं वाटलं. "ही काय पद्धत झाली?" ते म्हणाले. "निदान 'आपले निधन झाले आहे, कृपया नोंद घ्यावी' असं तरी!"

त्यानंतरच्या संध्याकाळी सुतकातच गेल्या. ते जात, मरत, पुन्हा खेड्यात उठत, पुन्हा जात. गंजक्या सुरीचे वार पहारेकऱ्याच्या चिलखतावर टिचकीसारखे वाजत. अंगातलं रक्त संपत येई तेव्हा झोळीतल्या हिरव्या बाटल्या किणकिणत, पण जपूनराव मनात म्हणत, एवढ्यात नको, पुढे खरी अडचण आली तर? खरी अडचण तोवर भाला उचलून खाली आणत असे.

भिंती पातळ असल्याने ही बातमी इमारतीत पसरली. प्रथम आले वरच्या मजल्यावरचे निवृत्त फौजदार. चादरीवर बसावं की सतरंजीवर, या विचारात थोडा वेळ उभे राहिले आणि पडदा पाहून म्हणाले, "साहेब, तुम्ही समोरून जाताय. गुन्हेगाराला नेहमी मागून धरायचा."

"तो गुन्हेगार नाही. तो ड्यूटीवर आहे."

हे ऐकून फौजदार गंभीर झाले. "मग तर तुमचीच केस कच्ची आहे. शासकीय कामात अडथळा."

समोरच्या घरातल्या वकीलबाईंनी वेगळाच मुद्दा काढला. "पण तुम्हाला पलीकडे जायचंय कशाला? तिथे काय आहे, हे लेखी आहे का कुठे?" नव्हतं. जपूनरावांची झोप उडाली ती या प्रश्नाने. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी मात्र पहारेकऱ्याकडे पाहिलंच नाही. ते जपूनरावांचा जबडा बघून म्हणाले, "दात किती आवळताय! या एकदा दवाखान्यात." आजवरच्या सल्ल्यांत हाच काय तो कृतीयोग्य होता, पण तो पुलासंबंधी नव्हता.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. हातात घडी घातलेला कागद, चेहऱ्यावर खाजगी बाब बोलायला आलेल्या माणसाचा संकोच. "ते… कसं सांगू… तुमच्या घरातून रोज 'मेलो, मेलो' असं ऐकू येतं. काही जण म्हणतात, वहिनींचा आवाज चढलेला असतो."

बायको आतून म्हणाली, "माझा नाही हो! हेच ओरडतात. मी टीव्ही बघायचा म्हणून वाट बघत बसलेली असते."

"तसंच लिहून देता का? म्हणजे, 'सदर मृत्यू काल्पनिक असून घरात शांतता आहे.'"

जपूनरावांनी लिहून दिलं. तेवीस वर्षं भांडार सांभाळलेल्या माणसावर स्वतःच्या जिवंतपणाचा दाखला द्यायची पाळी आली.

आता त्यांच्या मनाने घेतलं की दोष आपला नसून कंट्रोलरचा आहे. वार चुकवायचं एक बटण होतं, ते दाबलं तरी योद्धा उभाच. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सर्व्हिस सेंटर गाठलं. जाताना मूळ खोका नेला. मेहुण्याने खोकाही आणून टाकला होता आणि खोका म्हणजे जपूनरावांच्या दृष्टीने वस्तूचा मोठा भाऊ. तिथे टोकन घेतलं, ते चुकीच्या रांगेचं निघालं, दुसरं घेतलं. काउंटरवरच्या बाईंनी संगणकाकडे बघत विचारलं, "चालू होत नाही, चार्ज होत नाही की इतर?"

"इतर."

"म्हणजे काय होतं?"

"वार चुकवता येत नाही. पहारेकरी मारतो."

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "इमारतीचा?"

"पुलाचा."

त्यांनी कंट्रोलर हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाल्या, "काका, ह्याला रेनकोट का घातलाय?"

"मळू नये म्हणून."

"बटण दबतच नाहीये पिशवीतून. काढू?"

रांगेतली माणसं माना वाकवून पाहत होती. जपूनराव म्हणाले, "घरी काढतो," आणि कंट्रोलर खोक्यात घालून, खोका पिशवीत घालून ताठ मानेने बाहेर पडले. घरी आल्यावर दार लावून त्यांनी ती पिशवी काढली. बटण दबलं. योद्ध्याने टुणकन उडी मारली. पहारेकऱ्याचा पहिला वार चुकला. दुसऱ्या वाराला त्याने जपूनरावांना मारलं, पण दरम्यानच्या क्षणभरात त्यांच्या छातीत काहीतरी हललं. शाळेत असताना मधल्या सुट्टीची घंटा होई तेव्हा हलायचं, तसलंच काहीतरी. त्यांनी ते ताबडतोब आवरलं.

त्याच आठवड्यात कार्यालयात लेखापरीक्षक आले. त्यांनी भांडार उघडलं आणि एक मोठं कपाट शिक्क्याच्या शाईचं निघालं. सगळी वाळून खडा झालेली. खात्यातले लोक वर्षभर शिक्का थुंकी लावून मारत होते.

"ही दिली का नाहीत?" लेखापरीक्षकांनी विचारलं.

"जपून ठेवली होती."

"साहेब, नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. वस्तू वापरात फुटली, संपली, तर एक ओळ लिहायची आणि सोडून द्यायची. चौकशी होते ती ठेवून ठेवून खराब झालेल्याची. खुलासा द्या."

जपूनरावांना नियम माहीत होता. तो भिंतीवर त्यांच्याच हाताने लावलेला होता. खुलासा काय द्यावा हे मात्र सुचेना. घरी येऊन त्यांनी पाला तोडला.

अखेर तो रविवार उजाडला. मेहुणा आला, सासरे आले, सासऱ्यांना सोफ्यावर बसवलं, प्लास्टिक कुरकुरलं. 'नुसतं सहज डोकावायला' म्हणून फौजदारही आले. बायकोने ओट्यावर चहाचं आधण ठेवलं आणि येता येता शोकेसच्या काचेवरून एकदा फडकं फिरवलं. तो फडक्याचा हात जपूनरावांनी पाहिला आणि त्यांना कळून चुकलं की या घरात त्यांचा पराभव कुणाला तरी मनापासून हवा आहे.

"हं, भाऊजी, ओलांडा!"

जपूनराव मेले. परत गेले, मेले. मेहुणा हसून हसून सतरंजीवर लोळायचा बाकी राहिला. "बाबा, बघा ना! सुरी बघा त्यांची! भाजी चिरायला निघालेत! अहो भाऊजी, तुम्ही त्याला मारताय की गुदगुल्या करताय?"

सासरे म्हणाले, "प्रगती नाही."

बायको दारात उभी होती. तिला कप हवे होते हे खरं. गेली कित्येक वर्षं ती त्या कपांकडे परक्याच्या घरातल्यासारखं बघत आली होती. पण नवऱ्याला हसणं हा तिचा राखीव हक्क होता. तो भावाने, तोही फौजदारांच्या देखत, बजावावा हे तिला रुचेना. ती पुढे आली.

"दाखवा बघू ती झोळी."

"अगं, झोळीचं काय आत्ता…"

"उघडा म्हणते ना."

झोळी उघडली. पडदाभर हिरव्या बाटल्या, खाली लाल, त्याखाली पिवळ्या, सरकवावं तेवढ्या. शेवटी निळी तलवार, पुसलेली. बायको कितीतरी वेळ बोललीच नाही. दुकानात तारीख उलटलेला माल सापडला की ती अशीच गप्प होत असे, आणि मग मालकाची खैर नसे.

"एवढी औषधं असताना तुम्ही मरताय?"

"अडीअडचणीला ठेवलीत."

"अहो, तो समोर भाला घेऊन उभा आहे, त्याला काय म्हणतात? पाहुणा? औषध ठेवायचं नसतं, घ्यायचं असतं. ती तलवार काढा."

"खराब होईल."

"काढा!"

फौजदारांनीही मान डोलावली. जपूनरावांनी तलवार काढली. योद्ध्याच्या हातात निळा उजेड पसरला आणि मेहुण्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. "ताई, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"तू गप्प बस. अहो, लाल बाटली आधी. उपाशीपोटी. आता चला."

पूल आला. भाला आला. जपूनरावांनी उडी मारली. तलवार लागली तसा पहारेकरी पहिल्यांदाच कळवळला. मग त्याने उलटा तडाखा दिला.

"हिरवी!" बायको ओरडली.

"अजून थोडं रक्त आहे…"

"हिरवी म्हणते ना! आणि लगेच दुसरी! डोस अर्धवट सोडायचा नाही!"

प्रत्येक बाटली जपूनराव मनातल्या मनात खर्ची टाकत होते. पहिली गेली, दुसरी गेली, मग मोजायची सवय असलेल्या त्या माणसाची मोजदाद चुकली. एकदा पिवळी पिऊन पाहिली, तर योद्धा चक्क पेटला आणि तरीही पळत राहिला! "आयला!" जपूनराव म्हणाले. हा शब्द त्यांनी सासऱ्यांसमोर प्रथमच उच्चारला. ते सतरंजीवर गुडघ्यांवर उभे राहिले होते. शर्ट बाहेर आला होता. "हाण! फौजदारसाहेब, मागून जाऊ ना?"

"मागूनच!" फौजदार प्लास्टिकवर मूठ आपटून म्हणाले. "ड्यूटीबिटी गेली खड्ड्यात!"

लाल, पिवळ्या सगळ्या संपून झोळीत शेवटची हिरवी बाटली उरली. जपूनरावांचा अंगठा तिच्यावर थांबला. जुनं सगळं मन त्या एका अंगठ्यात गोळा झालं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बाटली प्याले आणि दोन्ही हातांनी तलवार घातली. पहारेकरी आधी गुडघ्यावर आला, मग पुलावर, मग पाण्यात.

मग मेहुणा हळूच म्हणाला, "मीसुद्धा त्याला असा नव्हता मारला."

"तू कसा मारलास?" बहिणीने विचारलं.

"मी… मी बाजूच्या फटीतून पळालो होतो."

जपूनराव मात्र ऐकत नव्हते. ते पूल ओलांडत होते, सावकाश, आजूबाजूला बघत. पलीकडे वेस होती, वेशीत एक नाक्यावरची म्हातारी बसलेली. योद्धा जवळ जाताच ती म्हणाली, "झोळी रिकामी कर, बाबा. अलीकडचं काही पलीकडे चालत नाही. इथून पुढे सगळं नवं."

जपूनराव त्या वाक्याकडे बघतच राहिले. म्हणजे तो सगळा पाला, त्या सगळ्या बाटल्या, जपून जपून इथवर आणल्या असत्या तरी या बाईने वेशीवर ओतायला लावल्या असत्या. योद्ध्याने झोळी उलटी केली. तीतून काहीच पडलं नाही. म्हातारी म्हणाली, "शहाणा आहेस."

भांडारपालाला भांडार रिकामं केल्याबद्दल शाबासकी मिळाल्याचं हे जगातलं पहिलंच उदाहरण असावं.

त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला. उठले, शर्ट खोचला, खिशातून किल्ली काढली आणि शोकेसपाशी गेले. कुलूप गंजलं होतं. दोन हिसके द्यावे लागले. एकेक कप काढून ते बायकोच्या हातात देऊ लागले.

"भाऊजी, पण तुम्ही तर जिंकलात," मेहुणा म्हणाला.

"म्हणूनच," जपूनराव म्हणाले. "हरल्यावर काढले असते तर चहा गोड लागला नसता."

बायकोने कप धुताना नळ जरा जास्तच मोठा सोडला.

चहा आला. कप इतके चिमुकले होते की दोन घोटांत संपत, आणि इतकी वर्षं शेजारी ठेवलेल्या डांबरगोळ्यांचा वास त्यांच्या अंगात मुरला होता. तरी सगळ्यांनी तो मिटक्या मारत घेतला. मेहुण्याने तिसऱ्यांदा कप पुढे केला आणि पहारेकऱ्याचा शेवटचा वार भाऊजींनी कसा चुकवला ते हात पसरून दाखवायला गेला. कप सुटला. फरशीवर खळ्ळकन आवाज झाला.

सगळे जपूनरावांकडे पाहू लागले. बायकोने पदर तोंडाला लावला. जपूनराव वाकले, निळ्या काठाचा एक तुकडा उचलून त्यांनी उजेडात धरला, रिफिल धरत तसा.

"वापरात फुटला," ते म्हणाले. "वापरात फुटलेल्याची चौकशी नसते." आणि स्वतःचा कप पुढे केला. "अगं, मला अजून घाल. आणि बाबांनाही."

सासऱ्यांनी दोन घोट घेतले, कप बशीत ठेवला, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "उत्तम."

चहा की जावई, हे कुणी विचारलं नाही.